पाळीवरचं गाव

गोंदिया स्टेशनातून बाहेर पडलं की पहिला वास येतो तो भाताचा. शिजलेल्या भाताचा नव्हे, गिरणीतल्या. शहराभोवती तांदळाच्या गिरण्या पसरल्या आहेत आणि त्यांतल्या काही धान आधी वाफवून, वाळवून मग भरडतात. गिरणीवाले त्या तांदळाला उष्णा म्हणतात. आमच्या कोकणातल्या हर्णैला तोच उकडा, पेजेचा. आम्ही ज्याच्यावर वाढलो तो तांदूळ इथं पोत्यांत भरून दूरदूर रवाना होतो, पण माझ्या मैत्रिणीच्या घरी त्याला कुणी तोंड लावत नाही. मी विचारल्यावर तिच्या आईनं नाक मुरडलं. “तो का आपल्या खायचा हाय जी? तो बाहेर जाते.”

हर्णैत बोटी लागल्या की वाळूवर मासळीचा लिलाव बसतो, बैलगाड्या पाण्यात शिरून माल किनाऱ्याला आणतात, आणि समोर सुवर्णदुर्ग हे सगळं पाहत असतो. अशा बंदरावरचं माणूस महाराष्ट्राच्या थेट पूर्व टोकाला आलं की आधी दिशाच चुकतात. समुद्र पश्चिमेला असतो हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. आणि इथं बंगालचा उपसागर अरबी समुद्रापेक्षा जवळ. पाऊससुद्धा बराचसा तिकडूनच येतो. पावसाळ्यात आमचे डोळे पश्चिमेकडे लागलेले असतात, आणि मैत्रिणीचे वडील ओडिशाच्या किनाऱ्यावर कमी दाबाचा पट्टा झाला का, ते टीव्हीवर पाहतात.

गोंदियाच्या माणसाची बोलण्याची रीत मात्र पहिल्या तासात मनात भरते. ‘जी’ लावल्याशिवाय वाक्य संपत नाही. रिक्षावाल्याला जी, भाजीवालीला जी, दप्तर सांभाळत जाणाऱ्या पोरालाही जी. “काय करून राहिले जी?”, “बसा जी, च्या घ्या.” आमच्या कोकणात माया जितकी जास्त तितकी शिवी जवळची, नात्यातलं माणूस दारात आलं की आधी टोमणा आणि मग पाणी. इथं आधी पाणी, मग चौकशी, आणि टोमणा असलाच तर तोही ‘जी’ लावून. १९५६ पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात होता, त्यामुळे हिंदी इथं पाहुणी नाही, घरातलीच आहे. बाजारात एका दुकानात मी झाडीबोली, पोवारी, छत्तीसगढी आणि हिंदी एका वजनकाट्यावर ऐकली. दुकानदार चारही भाषांत भाव कमी करायला नाही म्हणत होता.

नागझिऱ्याचा रस्ता तिरोड्याकडून घेतला. तिरोड्याच्या वीजप्रकल्पाची धुराडी कितीतरी मैल पाठ सोडत नाहीत, आणि त्यांच्या पायथ्याशी धानाच्या बांध्या. कापणी बहुतेक उरकली होती. काही शेतांत कापलेल्या धानाच्या कडपा अजून पसरलेल्या होत्या, काही ठिकाणी पुंजणी रचून झालेली, त्यांच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. अवकाळी पावसानं कडपा भिजणं आणि कुणीतरी पुंजण्याला काडी लावणं, ही इथल्या शेतकऱ्याची दोन भयं. मासेमाराला वादळ आणि फाटलेलं जाळं असतं तशी. एका बांधीत दोन सारस उभे होते. माणसाच्या खांद्याला लागेल एवढी उंची, राखी अंग, डोकं नि मान लाल. महाराष्ट्रात सारस उरलाय तो जवळजवळ या एका जिल्ह्यातच, तोही मोजून काही डझन. ड्रायव्हरनं गाडी उभी केली, आम्हाला पोटभर बघू दिलं आणि म्हणाला, “धानात घरटं करते ताई. रोवणीच्या टायमाले शेतकऱ्यानं हाकललं तं गेलं.” म्हणजे या पक्ष्याचं असणं-नसणं अभयारण्याच्या कुंपणावर नाही, एखाद्या शेतकऱ्याच्या मर्जीवर आहे.

चोरखमाऱ्याला पहिलं मोठं पाणी दिसलं. गाव, गावाला लागून तलाव, तलावापलीकडे जंगलाची टेकाडं. फाटक उघडायला जरा वेळ होता म्हणून तलावाच्या पाळीवर चढले. पाळ म्हणजे मातीचा बांध. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पाच-सहा हात खाली शेतं, आणि मधल्या वाटेवरून एक बाई डोक्यावर तणशीचा भारा घेऊन चाललेली. मला आमचा धक्का आठवला. दोन्हीकडे माणूस पाण्याच्या कडेनंच चालतो. पण धक्क्यावरून आम्ही पाण्यात उतरतो, आणि या पाळीवरून पाणी माणसाच्या शेतात उतरतं.

नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं. २०१३च्या डिसेंबरात ते, नवेगाव आणि कोका अशा जंगलांचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. पण ताडोब्याला जसं ‘वाघ दिसला का?’ हे पहिलं नि शेवटचं वाक्य असतं, तसं इथं नाही. निदान मला भेटलेल्या वाटाड्याचं नव्हतं. त्याचं लक्ष झाडांवर. ऐनाच्या खोडाला मगरीच्या पाठीसारखे चौकोन, बेहड्याला सरळ राखी खोड, मोहाला फुलायला अजून दोन-तीन महिने, बिजा ओळखायचा तर साल खरवडायची आणि लाल चीक बघायचा. हे सांगताना त्यानं खरवडून दाखवलं नाही. अभयारण्यातल्या झाडाला नख लावायचं नसतं, हे त्यानं नियम म्हणून सांगितलं नाही, फक्त हात मागे घेतला.

वाटेवर दोन झाडांमध्ये कोळ्याचं जाळं ताणलेलं होतं. जीपमधून उतरायची मुभा नाही, पण जाळं थेट माझ्या चेहऱ्यासमोर आलं. पिवळसर धाग्याचं, चांगलं चार-पाच फुटांचं. मधोमध मादी, पाय धरून माझ्या तळहाताएवढी, काळ्या पायांच्या सांध्यांवर पिवळे ठिपके. तिच्या वरच्या बाजूला एक तांबूस कण होता. तो नर, वाटाड्या म्हणाला. इतका लहान की मी त्याला आधी अडकलेली माशी समजत होते. जाळ्याचा एक धागा ड्रायव्हरच्या आरशाला चिकटला. त्यानं तो दोन बोटांनी सोडवला आणि गाडी हातभर मागे घेऊन बाजूनं काढली.

जंगलाच्या मध्यात नागझिऱ्याचं तळं आहे. चहूबाजूंनी टेकड्या, आणि त्यांच्यामध्ये हे पाणी. काठावर जुनी विश्रामगृहं, थोडी झाडी, चितळांचा कळप. विजेची तार इथवर आणलेली नाही. मोबाईलही मुका. दिवस मावळला तसे माणसांचे आवाज आपोआप खाली आले. आमच्याकडे रात्री समुद्र बोलत असतो, त्यामुळे माणसाला ओरडून बोलायची सवय लागते. मी काहीतरी विचारलं तर उपाहारगृहातला पोऱ्या दचकून वळला. जेवणात भात, तुरीचं वरण, वांग्याची भाजी, वर भरपूर सांबार. सांबार म्हणजे इथली कोथिंबीर. भात इतका मऊ नि मोकळा की नुसता खाल्ला.

व्यंकटेश माडगूळकर या तळ्याकाठी येऊन राहिले आणि ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिलं. पुढं किरण पुरंदरे ४०० दिवस राहिले, आणि त्यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिलं. मराठीत दोन-दोन पुस्तकं नावावर असलेलं तळं दुसरं कुठलं असेल? कारण त्या संध्याकाळी लक्षात आलं. इथं जनावर शोधत जावं लागत नाही, पाण्याकाठी बसलं की तेच येतं. समोरच्या काठावर अंधारात आणखी काळे डाग हलले. गवे. एकामागून एक उतरले, पाण्यात गुडघाभर शिरले आणि पिऊ लागले. पायात पांढरे मोजे घातल्यासारखा त्यांचा तो रंग तेवढा पाण्यावर उठून दिसत होता. मग कुठून तरी चितळ ओरडलं आणि सगळे एकदम थांबले. एका बैलानं नाकपुड्या फुगवल्या. बिबट असेल, वाघ असेल. काहीच आलं नाही. गवे पुन्हा पिऊ लागले आणि मी माझा श्वास सोडला.

इथले वाघही टिकून राहणारे नाहीत. इथं जन्मलेला जय नावाचा वाघ २०१३ साली वैनगंगा ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, तिकडे देशभर नाव कमावलं, आणि २०१६च्या एप्रिलनंतर कुणाला दिसला नाही. पुढं २०२३च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. वाटाड्या हे सांगताना गावातली सोयरीक सांगावी तसं सांगत होता. पोरगा परगावी गेला तो गेलाच, आता बाहेरून सुना आणल्या. आमच्या गावात मुंबईला गेलेल्या पोरांबद्दल असंच बोलतात, फक्त सुनांचं जमत नाही.

पिटेझरीच्या फाटकातून बाहेर पडलं की साकोली. मुंबई–कोलकाता महामार्ग, ट्रकांच्या रांगा, ढाब्यांवर पंजाबी पाट्या. साकोलीत मी पाणी प्यायले आणि पुढे निघाले; सांगण्यासारखं एवढंच.

नवेगावबांध मात्र थांबायला लावतं. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे गाव. रस्ता शेवटच्या वळणावर जरा चढतो आणि समोर पाणी येतं ते एकदम दिसतं, पण पुरं दिसत नाही. एक टेकडी पुढं येते, तिच्या मागं पाणी वळतं. दुसरी टेकडी, पुन्हा वळण. सुमारे ११ चौरस किलोमीटरचा हा तलाव एका नजरेत कधीच सापडत नाही. निरीक्षण मनोऱ्यावर चढून पाहिलं तेव्हा नॉर्वेच्या फियोर्डची चित्रं आठवली. तिथं हिमनद्यांनी डोंगर खोलवर कापले आणि त्या चिरांतून समुद्र आत शिरला. सोग्नेफियोर्ड तर २०० किलोमीटरहून लांब आणि १३०० मीटर खोल. इथल्या टेकड्या बुटक्या, पाणी उथळ, आणि समुद्र तर इथं येणं शक्यच नाही. पण डोंगरांच्या पायात शिरलेली पाण्याची बोटं तीच. फरक एवढाच, की ती बोटं बर्फानं नव्हे, कोलू पाटलानं आत घातली.

कोलू पाटील कोहळी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं टेकड्यांमधल्या खिंडीत बांध घातला आणि आतलं खोरं भरून घेतलं, असं गॅझेटियरमध्ये आहे. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी. बांध टिकत नव्हता तेव्हा त्या पाटलाच्या मदतीला आल्या, असं गावात सांगतात. पाटील स्वतः कोलासुर देव झाला आणि एका टेकडीवर जाऊन बसला. आमच्याकडे बांधकाम करणारा ठेकेदार देव झाल्याचं एकही उदाहरण मला आठवत नाही. किल्ला बांधणाऱ्याचं नाव बखरीत येतं, पण पाणी अडवणाऱ्याला नारळ मिळतो तो इथंच.

चंद्रपूरच्या गोंड राजांनी जाहीर केलं होतं म्हणतात, की जो जंगल तोडून गाव वसवील त्याला गाव, आणि जो तलाव बांधील त्याला तलावाखाली भिजेल तेवढी जमीन. या बोलीवर कोहळ्यांनी भंडारा-गोंदियात तलावच तलाव खोदले. इंजिनिअर नाही, लेव्हल नाही. पावसाचं पाणी कुठून कसं वाहतं हे पायानं चालून ओळखायचं आणि तिथं माती टाकायची. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. एकाचं जास्तीचं पाणी सांडव्यावरून खालच्या बोडीत, तिथून पुढच्या गावाच्या तलावात. पुढं इंग्रजांच्या राज्यात मालगुजार आले आणि तलाव त्यांच्या नावावर चढले. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून कागदोपत्री ते माजी मालगुजारी तलाव, आणि बोलताना लोक त्याचं सरळ ‘मामा तलाव’ करतात. पूर्व विदर्भात असे मामा हजारोंनी आहेत.

पाळीवर बसून मी एक हिशेब करत होते आणि तो मला सुखाचा नव्हता. आमच्या दापोली तालुक्यात पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात. इथं त्याच्या निम्म्याहून कमी, १३००च्या आसपास. तरी एप्रिल-मेमध्ये आमच्या वरच्या वाड्यांत टँकर येतो आणि बाया कळशी घेऊन विहिरीच्या तळाकडे बघत बसतात. जांभा पाणी धरत नाही, उतार तीव्र, समुद्र हाकेच्या अंतरावर, ही कारणं खरी आहेत. पण त्यांच्या जोडीला आमचा स्वभावही आहे. समोर एवढं पाणी कायमचं असलं की पाणी अडवायची गोष्ट सुचतच नाही. आम्ही क्षितिजाकडे बघतो. इथल्या माणसाला क्षितिज टेकडीनं अडवलेलं, म्हणून त्यानं पायाखालची माती बघितली.

अर्थात हा मुलूखही आता पूर्वीच्या शहाणपणावर जगत नाही. तलाव सरकारचा झाल्यावर गाळ काढायचा कुणी, पाळ दुरुस्त करायची कुणी, हा प्रश्न फायलीत गेला. एके काळी उन्हाळ्यात गावानं मिळून पाळीवर माती टाकायची रीत होती. आता मशीन येतं, आलं तर. बऱ्याच तलावांत बेशरमची झाडं माजली आहेत. गुलाबी-जांभळी फुलं दिसायला छान, पण मुळं काठ गिळत जातात. गाळपेरीच्या जमिनीवर अतिक्रमणं. तरणी पोरं हैदराबादला, नागपूरला. तलाव असलेलं गाव आणि समुद्र असलेलं गाव, दोन्हीकडची पोरं शेवटी एकाच बसस्टँडवर उभी.

पाणी सरकारचं, पण मासे ढिवरांचे. त्यांच्या सोसायट्या तलाव ठेक्यानं घेतात. सकाळी एक ढिवर काका डोंग्यातून काठाला लागले. डोंगा म्हणजे एका लाकडाचा कोरलेला, अरुंद; मी त्यात पाय ठेवला तर तो माझ्या वजनानं आमच्या होडीच्या दुप्पट डुलला. काका हसले. “बसा जी, बुडत नाही. बुडाला तं पाणी कमरेले लागते.” डोंग्याच्या तळाशी पाण्यात तीन मरळ होते. काळे, लांब, सापाच्या डोक्याचे. मरळ हवेतही बराच वेळ जगतो, त्यामुळे ते अजून अंग वळवत होते. एकानं शेपटीनं चिखल माझ्या साडीवर उडवला. शेजारी टोपलीत रोहू होते, चंदेरी, सरळ, सारख्या मापाचे. मरळ किती मोलाचा आणि रोहू किती, ते काकांच्या हातावरूनच कळत होतं. रोहू त्यांनी शेपटीला धरून टोपलीत टाकले, मरळ दोन्ही हातांनी उचलले.

रोहू-कतल्याचं बी सोसायटी बाहेरून आणून सोडते. ते लवकर वाढतात, बाजारात जातात. पण त्यांच्या नादात तळातल्या पाणवनस्पती गेल्या, बेशरम वाढलं, आणि इथले मूळचे मासे कमी झाले. या तालुक्यातल्या काही गावांत ढिवर बायकांनी स्वतः पाण्यात उतरून बेशरम उपटलं, तळातल्या वनस्पती दुसऱ्या तलावांतून आणून पुन्हा लावल्या, आणि मग मासे परतले, पक्षीही आले. काकांच्या घरच्या मावशीही त्या कामाला जाऊन आलेल्या. “पाण्यात रोवणी केली जी,” त्या म्हणाल्या. धानाची रोवणी गुडघाभर चिखलात, ही कमरेएवढ्या पाण्यात. मजुरी कुणाची? “मजुरी कोन देते? मासोळी देते.”

आमच्याकडे गोड्या पाण्याचा मासा म्हणजे मातीचा वास, असं ठरलेलं आहे. घाटावरच्या लोकांनी खावा. मावशींनी झिंगे वांग्यात घालून केले होते आणि मरळाचा लालभडक रस्सा. नारळ नाही, कोकम नाही, त्रिफळ नाही. लसूण, मिरची, सांबार आणि वाटलेल्या जवसाचा दाटपणा. मी भाताला भात मागत राहिले. हा एचएमटी तांदूळ. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं आपल्या जमिनीच्या तुकड्यावर वेगळ्या दिसलेल्या ओंब्या निवडून हा वाण काढला. नाव पडलं ते तेव्हाच्या घड्याळावरून. सोबत पोपटाच्या शेंगांची भाजी आणि कोचईच्या पानांच्या वड्या. कोचई म्हणजे आपला अळूच. मातीचा वास आला का? आला, थोडासा. मीठ जसं समुद्राचं असतं तसा तो तळ्याचा होता, आणि तिसऱ्या घासाला मी तो शोधायचं सोडून दिलं. मावशी मात्र मी आमच्याकडच्या सुरमईचं सांगितलं ते ऐकून म्हणाल्या, “खाऱ्या पान्यातली मासोळी? मंग मीठ टाकत असन का नाही?”

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावला वर्षानुवर्षं होते, आणि त्यांच्या लिखाणात हा तलाव ठिकठिकाणी येतो. त्यांना पक्ष्यांची नावं दिली ती बहुतेक याच ढिवरांनी आणि गोंडांनी, असं वाचताना वाटत राहतं. हिवाळ्यात चक्रवाक येतात, पट्टकदंब येतात. पट्टकदंब म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस. तो तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. पाळीवरून मला दिसले ते लांबवर, एका रेषेत बसलेले, अधूनमधून एकच मान वर.

तिबेटचीच माणसंही या तालुक्यात आहेत. गोठणगावजवळ १९७२ साली तिबेटी निर्वासितांची वसाहत बसवली, नोरग्येलिंग. जवळच इटियाडोह धरणाचं पाणी. सागाच्या जंगलातून जाता जाता एकदम रंगीत पताका दिसतात, मग बौद्ध मठाचं सोनेरी छत, आणि त्याच्या शेजारी धानाची मळणी चाललेली. डिसेंबरात वसाहत निम्मी रिकामी. घरटी कुणी ना कुणी स्वेटर विकायला शहरात गेलेलं. पट्टकदंब थंडीत इथं येतात आणि त्यांच्या गाववाल्यांना त्याच थंडीत घर सोडावं लागतं. एक आजी मठाच्या पायरीवर माळ ओढत बसल्या होत्या. हिंदीत बोलल्या. उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो, पहिल्या उन्हाळ्यांत म्हातारी माणसं झाडाखाली ओली पोती पांघरून बसत, हे त्यांनी आईकडून ऐकलं म्हणून सांगितलं. मी विचारलं, “अब आदत हो गई?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरं काही विचारलं नाही. मग त्यांनी नातवाला हाक मारली, आणि तो आत जाऊन चहा घेऊन आला. नातू शाळेत मराठी शिकतो. “बसा जी,” त्यानं मला सांगितलं.

परतताना अर्जुनीच्या अलीकडे एका गावात गर्दी दिसली. दिवसा शंकरपट झाला होता, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक होतं. या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत चालतो. वडसा हे त्याचं गाव; कंपन्यांची कार्यालयं तिथं, पाट्या तिथं, तारखा तिथं. कापडाचा भला मोठा शामियाना, तिकीट लावून, आणि आत हजारांवर माणसं. बायका-पोरं घोंगडी-चादरींसकट आलेली. पाहुण्यांना मंडईला बोलवायचं, जावयाला कपडे करायचे, आणि सगळ्यांनी मिळून रात्रभर नाटक बघायचं, असा रिवाज.

पडदा साडेदहानंतर केव्हातरी उघडला. नाटकात एक गरीब घर, एक मालदार खलनायक, एक सोसणारी सून आणि एक दारुडा भाऊ. ऑर्गन-तबला समोर. दुःखाचा प्रसंग आला की गाणं, गाण्याला वन्समोअर, मग पुन्हा तेच दुःख पहिल्यापासून. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत ज्याला भडक म्हणतील ते सगळं होतं. पण तिथल्या नाट्यगृहात प्रेक्षक मोबाईलच्या उजेडात वेळ बघतो. इथं कुणी बघत नव्हतं, कारण पहाटेपर्यंत बसायचं हे आधीच ठरलेलं. माझ्या शेजारच्या बाईंनी पदरात शेंगदाणे आणले होते, त्यातले मूठभर न विचारता माझ्या हातात दिले.

“तुमच्याकडे नाटक होते का जी?”

मी नमन-खेळ्यांचं सांगितलं. तेही रात्रभर चालतं, राधा होतो तो पुरुषच, आणि मध्येच संकासुर येऊन गोंधळ घालतो.

“बायकोचं काम बाप्याच करते?” त्यांना हसू आवरेना. त्यांनी पलीकडच्या जावेला सांगितलं, जावेनं तिच्या सासूला. तीन-चार रांगांत बातमी पोचली आणि लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात स्टेजवर खलनायक सुनेच्या दागिन्यांच्या डब्याकडे सरकला. सासूबाईंनी माझ्याकडून मान वळवली आणि सगळ्या शामियान्याला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला बजावलं, “मांगं पाय ना वं बाई, मांगं!”